आधी ते आले, मग हे आले : १९४८चे धाराशिव आणि पडद्यावरचा रझाकार

गेल्या सप्टेंबरची गोष्ट. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला चार-पाच दिवस राहिले होते. तुळजापूर तालुक्यातल्या आमच्या अभ्यासिकेत पोलीस भरतीची तयारी करणारा एक पोरगा संध्याकाळी माझ्याजवळ येऊन बसला आणि मोबाईल पुढे केला. ‘रझाकार’ चित्रपटातला एक तुकडा होता. गाव जळते आहे, बाया-लेकरे ओरडत आहेत, वर कोणीतरी लिहिले आहे की हे विसरू नका आणि १७ तारखेला ताकद दाखवा.

“दादा, तालुक्यावरून निरोप आलाय. आपल्या वस्तीतली पंधरा पोरं पाहिजेत. गाडी त्यांची, टी-शर्ट त्यांचे, जेवण त्यांचं. मिरवणुकीत तलवारी पण देणार हायेत. जाऊ का?”

मी काही बोलायच्या आत त्याने दुसरा प्रश्न टाकला. “आन् तवा आपण कोणाच्या बाजूनं होतो?”

मित्रांनो, त्याच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर दिल्याशिवाय पहिल्याचे उत्तर देता येत नाही. त्या संध्याकाळी जे तुकड्या-तुकड्यांत बोललो, ते इथे सलग मांडतो आहे. कारण हा प्रश्न त्या एका पोराचा नाही. जिल्ह्यातल्या प्रत्येक वस्तीत आज असा एखादा पोरगा आहे आणि त्याला गाडी पाठवणारा कोणीतरी आहे.

चित्रपट काय दाखवतो?

याटा सत्यनारायण यांनी दिग्दर्शित केलेला ‘रझाकार’ हा तेलुगू चित्रपट मार्च २०२४ मध्ये, म्हणजे लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर आला. त्याचे निर्माते भाजपचे तेलंगणातील नेते आहेत. त्याआधी २०१५ मध्ये सिद्धार्थ जाधव यांची भूमिका असलेला ‘रझाकार’ नावाचा मराठी चित्रपटही येऊन गेला. पण आज मोबाईलवर फिरतात ते तुकडे प्रामुख्याने २०२४च्या चित्रपटाचे.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करतो. रझाकारांनी अत्याचार केले नाहीत, असे मी म्हणणार नाही. म्हणायचे कारणच नाही. लूट झाली, जाळपोळ झाली, खून झाले, बायकांवर अत्याचार झाले. १९४८च्या मे महिन्यात बिदर जिल्ह्यातल्या गोरट्यात कत्तल झाली. मराठवाड्यातल्या हजारो कुटुंबांनी घरे सोडून सरहद्दीपलीकडे सोलापूर-बार्शीकडे धाव घेतली. ज्यांनी ते भोगले त्यांच्या आठवणी खोट्या ठरवणे हे आपले काम नाही. अत्याचार भोगलेल्या माणसाला पुरावा मागत बसणारे लोक कसे असतात, हे आपल्याइतके कोणाला माहीत आहे?

माझा आक्षेप चित्रपट जे दाखवतो त्यावर कमी आणि तो जिथे थांबतो त्यावर जास्त आहे. कथा भारतीय सैन्याच्या विजयापाशी येते आणि पडदा पडतो. प्रेक्षक मुठी आवळून बाहेर येतो. पण आपल्या जिल्ह्याचा इतिहास त्या दिवशी थांबला नव्हता. सगळ्यात जास्त माणसे मेली ती त्यानंतर.

रझाकार म्हणजे कोण?

रझाकार या शब्दाचा अर्थ स्वयंसेवक. इत्तेहादुल मुसलमीन या पक्षाची ही स्वयंसेवक फौज. तिला १९४६ नंतर सैन्याचे रूप दिले ते कासीम रझवीने. हा रझवी कुठला? हैदराबाद शहरातला नव्हे. तो लातूरला वकिली करायचा. आणि लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. लातूर वेगळा जिल्हा झाला तो १९८२ मध्ये. म्हणजे ही आपल्याच जिल्ह्याच्या पोटातून निघालेली गोष्ट आहे.

इत्तेहादची एक शिकवण होती : अनलमलिक. अर्थ असा की मीच राजा आहे. हैदराबादचा प्रत्येक मुसलमान हा राज्यकर्ता आहे, निजाम फक्त त्याच्या सत्तेचे प्रतीक आहे. आता विचार करा. पिंजारी, मोमीन, अत्तार, बागवान, ज्याच्या घरात संध्याकाळच्या भाकरीची खात्री नाही असा अठरा-वीस वर्षांचा पोरगा. त्याला कोणी जमीन दिली नाही, शाळा दिली नाही, नोकरी दिली नाही. एक काठी दिली, गणवेश दिला आणि सांगितले, तू राजा आहेस.

समाजशास्त्राच्या वर्गात आम्हाला तरुणांच्या कट्टरतेची कारणे शिकवली गेली. बेकारी, ओळखीचे संकट, गटाचे आकर्षण. सगळे खरे आहे. पण बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमतेबद्दल जे सांगितले ते समजले की हे कोडे लवकर सुटते. वरच्याकडून मिळणारा मान महाग असतो, म्हणून माणसाला खालच्याकडे बघून मिळणारा मोठेपणा स्वस्तात विकला जातो. अनलमलिक ही तशीच स्वस्त विक्री होती. आणि आज आपल्या पोराला टी-शर्ट आणि तलवार देऊन ‘तू मावळा, तू रक्षक’ असे सांगतात तीही तशीच विक्री आहे. मिरवणुकीपुरता रक्षक, दुसऱ्या दिवशी गावच्या मंदिरात, पाणवठ्यावर, स्मशानात त्याची जागा पुन्हा जुनीच.

सगळे मुसलमान रझाकार होते का? नाही. ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान रझाकारांविरुद्ध आणि भारतात विलीन होण्याच्या बाजूने लिहीत होते. ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत रस्त्यात गाठून त्यांचा खून करण्यात आला. त्यांचा हात तोडला गेला. लिहिणारा हात. १७ सप्टेंबरच्या फ्लेक्सवर हे नाव तुम्ही कधी वाचले आहे का?

निजामाचे राज्य गावात कोण चालवत होते?

निजाम मुसलमान होता, पण गाव काही निजाम येऊन चालवत नव्हता. संस्थानातली सुमारे ४० टक्के जमीन निजामाची खासगी आणि जहागिरीची होती. उरलेल्या भागात वसुलीचे काम देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी यांच्याकडे. आणि त्या सगळ्यांच्या खाली महार-मांगांची वेठबिगार. सरकारी माणूस आला की सामान वाहायचे, घोड्याला चारा आणायचा, निरोप घेऊन पायी पळायचे, मेलेले ढोर ओढायचे. मजुरी नाही, उलट शिव्या. निजामाचा हुकूम आपल्या वस्तीपर्यंत पोहोचायचा तो गावातल्या सवर्ण वतनदाराच्या तोंडून.

म्हणून ‘आपण कोणाच्या बाजूने होतो’ या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. आपल्यातले काही मुक्तिसंग्रामात होते. काहींना रझाकारांनी जबरदस्तीने किंवा आमिषाने ओढले. आणि काही नेत्यांना असेही वाटले की गावातल्या सवर्णांपेक्षा निजाम बरा. हेही लपवण्याचे कारण नाही. बी. एस. व्यंकटराव हे दलित नेते निजामाच्या शेवटच्या मंत्रिमंडळात शिक्षणमंत्री होते. बी. श्यामसुंदर हे निजामाची बाजू मांडायला संयुक्त राष्ट्रसंघात गेलेल्या शिष्टमंडळात होते. या माणसांनी दलितांच्या शिक्षणासाठी काम केले, हेही खरे. हजार वर्षे ज्याला गावाने दाराबाहेर ठेवले त्याने दुसरे दार ठोठावले, तर त्याला गद्दार म्हणण्याआधी गावाने आपले दार का बंद होते ते सांगावे.

पण बाबासाहेबांची भूमिका काय होती? ती स्पष्ट होती आणि सगळ्यांत पुढचे बघणारी होती. २७ नोव्हेंबर १९४७ला त्यांनी पत्रक काढून पाकिस्तानातल्या आणि हैदराबाद संस्थानातल्या अस्पृश्यांना सांगितले : सवर्ण हिंदूंचा राग आहे म्हणून मुसलमानांना किंवा मुस्लिम लीगला आपला मित्र समजण्याची चूक करू नका. जीव वाचवण्यासाठी धर्म बदलू नका. ज्यांचे जबरदस्तीने धर्मांतर झाले असेल त्यांना परत सन्मानाने सामावून घेऊ. आणि निजामाची बाजू घेऊन समाजाला बदनामी आणू नका.

लक्षात घ्या, बाबासाहेब हे सवर्णांवर प्रेम उतू चालले होते म्हणून सांगत नव्हते. त्यांना दिसत होते की दुसऱ्याच्या भांडणात दुसऱ्याची तलवार हातात घेतली, तर भांडण मिटल्यावर तलवारीचा मालक निघून जातो आणि हिशेब आपल्याकडून वसूल होतो. पुढच्या दहा महिन्यांत तेच झाले.

१३ सप्टेंबर आणि त्यानंतर

१३ सप्टेंबर १९४८ला पहाटे भारतीय सैन्य सोलापूरकडून आत शिरले. पहिली लढाई आपल्या नळदुर्गला झाली. तुळजापुरातही प्रतिकार झाला. पाच दिवसांत सगळे संपले. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. जनतेच्या छातीवरचे एक मोठे ओझे उतरले, यात शंका नाही. ज्या स्वामी रामानंद तीर्थांनी आपल्या जिल्ह्यात हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत मुले घडवली, त्यांच्या आणि असंख्य अनाम कार्यकर्त्यांच्या त्यागाला सलाम केलाच पाहिजे. मी स्वतः दर १७ सप्टेंबरला झेंडावंदनाला जातो.

पण १८ सप्टेंबरपासून काय झाले? हैदराबादेतून बातम्या यायला लागल्यावर पंतप्रधान नेहरूंनी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीला पाहणीसाठी पाठवले. संस्थानात १६ जिल्हे होते. समिती नोव्हेंबरअखेरपासून डिसेंबरपर्यंत त्यातल्या ९ जिल्ह्यांत फिरली. तिचा अंदाज असा की पोलीस कारवाईच्या दरम्यान आणि नंतर २७ हजार ते ४० हजार माणसे मारली गेली. सगळ्यात जास्त हानी झालेले चार जिल्हे अहवालात नावानिशी आहेत : उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. या चार जिल्ह्यांत मिळून किमान १८ हजार बळी गेल्याचे समिती सांगते. लातूर हे रझवीचे गाव. तिथे वीस दिवसांहून जास्त काळ कत्तल चालली. सुमारे दहा हजार मुसलमानांपैकी समितीला जेमतेम तीन हजार उरलेले दिसले. हजारावर मारले गेले होते, बाकीचे पळाले होते.

सरदार पटेलांना हा अहवाल मान्य नव्हता. आकड्यांवर वाद घालता येईल, जरूर घालावा. पण अहवाल कित्येक दशके प्रसिद्धच झाला नाही. ज्या गोष्टीवर वादच होऊ द्यायचा नाही, ती खोटी आहे असे कसे समजायचे?

मारणारे कोण होते? अहवाल सांगतो की सोलापूरसह बाहेरून आलेल्या प्रशिक्षित, हत्यारबंद टोळ्या होत्या आणि गावातले लोकही होते. काही ठिकाणी पोलीस आणि सैन्यातली माणसेही सामील होती. लूट झाली, मशिदी फोडल्या गेल्या, जबरदस्तीने धर्मांतरे झाली, आणि घरे-जमिनी बळकावल्या गेल्या. हा शेवटचा मुद्दा नीट वाचा. द्वेषाची मिरवणूक बहुतेक वेळा कोणाच्या तरी सातबाऱ्याशी जाऊन थांबते. त्याच अहवालात हेही आहे की कित्येक हिंदूंनी जिवावर उदार होऊन मुसलमान शेजाऱ्यांना वाचवले. तेही आपल्याच मातीतले लोक होते. त्यांच्यावर चित्रपट कोणी काढला नाही.

आणि ज्यांना मारले ते रझाकार होते का? ज्यांच्याकडे बंदुका, पैसा, ओळख होती ते आधीच पळाले होते. उरले ते विणकर, पिंजारी, शेतमजूर, म्हातारे. त्यांच्याबरोबर काही ठिकाणी आपल्या वस्त्याही भरडल्या गेल्या, ‘रझाकारांचे हस्तक’ म्हणून.

माझी आजी तेव्हा दहा-बारा वर्षांची होती. तिने हा इतिहास पुस्तकात वाचला नव्हता, तिला अक्षर येत नव्हते. ती सांगायची की पहिल्यांदा रझाकार आले तेव्हा घरातली ज्वारीची कणगी रिकामी करून गेले आणि तिच्या थोरल्या भावाला हमाल म्हणून सामान वाहायला घेऊन गेले. तो चार दिवसांनी परत आला. पंधरवड्याने गावातलीच माणसे आली. तुझा पोरगा रझाकारांबरोबर गेला होता म्हणाली आणि छप्पर पेटवले. सगळे घर दोन रात्री पिकात लपून बसले. आजीचे एक वाक्य आमच्या घरात अजून बोलले जाते : “आधी त्ये आले, मंग ह्ये आले. दार मातर दोघांनीबी आमचंच मोडलं.”

त्या पोराच्या प्रश्नाचे हे माझे उत्तर होते. आपण कोणाच्या बाजूने होतो? आपण मोडलेल्या दाराच्या बाजूने होतो.

हिशेब मांडू या

आता या सगळ्याचा जमाखर्च बघा. निजाम, ज्याच्या नावाने हे सगळे झाले, तो १९५० पासून १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याचा राजप्रमुख होता. भारत सरकारने त्याला तनखा दिला. त्याचा पंतप्रधान लायक अली १९५० मध्ये नजरकैदेतून निसटून पाकिस्तानात गेला. कासीम रझवी नऊ वर्षे तुरुंगात राहिला, १९५७ला सुटला आणि तोही पाकिस्तानात गेला. सोलापूरहून आलेल्या टोळ्या सोलापूरला परत गेल्या. गावचे देशमुख-पाटील निजामाच्या काळात गावचे मालक होते, नंतरही मालकच राहिले. फक्त टोपी बदलली.

गेले कोण? ज्याला ‘तू राजा आहेस’ सांगितले होते तो पिंजाऱ्याचा पोरगा. ज्याच्या डोक्यावर सामान ठेवले होते तो महाराचा पोरगा. आणि रझाकारांनी मारलेला तो साधा शेतकरी, ज्याचा निजामाशी कधी संबंधच आला नव्हता.

हे फक्त आपल्याकडेच होते असे समजू नका. इटलीतल्या मिलान शहरात १२ डिसेंबर १९६९ला एका बँकेत बॉम्ब फुटला. १७ माणसे मेली. पोलिसांनी लगेच डाव्या अराजकतावादी तरुणांना धरले. त्यातला पिनेली नावाचा रेल्वे कामगार तीन दिवसांनी चौकशी चालू असताना पोलीस मुख्यालयाच्या खिडकीतून पडून मेला. रागावलेल्या तरुणांनी त्याला पोलिसी खून मानले. १९७२ मध्ये त्या चौकशीशी नाव जोडले गेलेल्या अधिकाऱ्याला गोळ्या घातल्या गेल्या. मग पुढची दहा वर्षे डाव्या आणि उजव्या तरुणांनी एकमेकांचे आणि देशाचे रक्त सांडले. आणि बॉम्ब कोणी ठेवला होता? २००५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने नोंदवले की जबाबदार नवफॅसिस्ट गट होता, पण त्यातले दोघे आधीच्या खटल्यात निर्दोष सुटलेले असल्याने त्यांच्यावर पुन्हा खटला चालवता येत नाही. छत्तीस वर्षांनी सत्य मिळाले, शिक्षा कोणालाच नाही. २०१२ मध्ये मार्को तुल्लिओ जोर्दाना या दिग्दर्शकाने यावर चित्रपट काढला. त्या चित्रपटाने एका बाजूला राक्षस आणि दुसऱ्या बाजूला देव उभे केले नाहीत. त्याने विचारले की फायदा कोणाचा झाला.

असा प्रश्न विचारणारा चित्रपट आपल्याकडेही झाला आहे. श्याम बेनेगल यांचा ‘निशांत’, १९७५. पटकथा विजय तेंडुलकरांची. काळ १९४५चा, मुलूख निजामी तेलंगणाचा. जमीनदाराचे भाऊ शिक्षकाची बायको पळवून नेतात. कायदा, पोलीस, कोणीच दाद देत नाही. शेवटी गाव उठते, वाडा फोडते. इथपर्यंत प्रेक्षक गावाबरोबर असतो. पण बेनेगल तिथे थांबत नाहीत. पेटलेला जमाव वाड्यातल्या निरपराध सुनेलाही सोडत नाही आणि जिच्यासाठी उठाव झाला तिलाही सोडत नाही. पुढे जळणाऱ्या गावांचे चित्र या माणसांनी १९७५ मध्ये दाखवून ठेवले होते. या चित्रपटाचे तुकडे कोणी १७ सप्टेंबरला फॉरवर्ड करत नाही, कारण त्यातून मूठ आवळत नाही, मान खाली जाते.

तोच शब्द पुन्हा वापरला गेला

कोणी म्हणेल, ७५ वर्षांपूर्वीचे मढे आता कशाला उकरता? मढे आम्ही उकरत नाही. ते दर काही वर्षांनी आमच्याच अंगणात आणून टाकले जाते.

२७ जुलै १९७८ला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला. त्याच रात्रीपासून मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळेंना हालहाल करून मारले. हे करणाऱ्या जमावात मोठ्या संख्येने विद्यार्थी आणि तरुण होते. आणि त्यांच्या तोंडी शब्द कोणता होता? मराठवाड्याची अस्मिता. गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारख्या मुक्तिसंग्रामातल्या मोठ्या, निष्कलंक नेत्यानेही नामांतराला विरोध केला. त्यांनी दंगल केली नाही, पण ज्या अस्मितेची भाषा ते बोलत होते तीच भाषा बोलत दुसऱ्यांनी काडी लावली. ज्या मुक्तीची शपथ घेतली जात होती, त्या मुक्तीत आम्ही नव्हतो हे त्या दिवशी कळले. १४ जानेवारी १९९४ला नामविस्तार होईपर्यंत सोळा वर्षे गेली.

आता बघा गंमत. रझाकारांच्या हातातली काठी दिसली की ते अतिरेकी. आपल्या शाहिरांच्या हातात डफ दिसला की ते नक्षलवादी. पण १९७८ मध्ये वस्त्या जाळणाऱ्या तरुणांना कोणी अतिरेकी म्हटले? ती म्हणे जनतेची उत्स्फूर्त प्रतिक्रिया होती. कट्टर कोण, हे कृत्यावरून ठरत नाही. करणाऱ्याची जात आणि धर्म बघून ठरते. आणि आज ज्यांना मिरवणुकीसाठी आपली पंधरा पोरे पाहिजेत, त्यांनी १४ एप्रिलच्या आपल्या मिरवणुकीत किती पोरे पाठवली, हेही विचारा.

मग हातावर हात धरून बसायचे का?

त्या पोराने मला हेच विचारले. त्याच्या आवाजात राग होता आणि तो राग खोटा नव्हता. त्याच्या चुलतभावाला वरातीत घोड्यावर बसला म्हणून मारहाण झाली होती. “गाणी म्हणून, पुस्तकं वाचून काय झालं, दादा? त्यांना फक्त ताकद कळती.”

मी त्याला महाडची गोष्ट सांगितली. २० मार्च १९२७. चवदार तळ्यावर पाणी पिऊन आलेल्या आपल्या माणसांवर जमावाने लाठ्या-काठ्यांनी हल्ला केला. परिषदेला आलेल्यांत सैन्यातून निवृत्त झालेले किती तरी होते. पहिल्या महायुद्धात लढलेली माणसे. बाबासाहेबांच्या एका शब्दाची वाट पाहत होती. बाबासाहेबांनी तो शब्द दिला नाही. ते भित्रे होते म्हणून नाही. त्यांना माहीत होते की त्या दिवशी आपण चार डोकी फोडली असती, तर गावोगावी विखुरलेल्या आपल्या चार-चार घरांचा हिशेब रात्रीच झाला असता, आणि तळ्याचा प्रश्न कायमचा दंगलीचा प्रश्न झाला असता. त्यांनी लढाई सोडली नाही. डिसेंबरमध्ये पुन्हा महाडला गेले, मनुस्मृती जाळली, कोर्टात दहा वर्षे लढले आणि १९३७ मध्ये हायकोर्टात जिंकले.

आणि १९४८च्या राखेवर बाबासाहेबांनी मराठवाड्यात काय उभे केले? सेना नाही. जून १९५० मध्ये औरंगाबादला कॉलेज. पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे, पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेलेले. मिलिंद हे नाव का? मिलिंद हा ग्रीक राजा. त्याच्याकडे सैन्य होते, सत्ता होती. पण तो भन्ते नागसेनांसमोर प्रश्न घेऊन बसला आणि उत्तर पटल्यावर हरणे मान्य केले. ज्या मुलखात नुकतेच माणूस माणसाला कापत होता, तिथे बाबासाहेबांनी प्रश्न विचारणाऱ्या राजाचे नाव लावले. आज मराठवाड्यातल्या आपल्या समाजात जे प्राध्यापक, वकील, अधिकारी, लेखक दिसतात, त्यांतल्या कितीतरी घरांची वाट नागसेनवनातून जाते. रझवीच्या फौजेतून कोण निघाले?

शेवटी मी त्याला सिद्धार्थाची आठवण दिली. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ मध्ये बाबासाहेबांनी गृहत्यागाचे कारण काय दिले आहे? म्हातारा, रोगी, प्रेत ही कथा त्यांनी नाकारली. शाक्य आणि कोलिय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून भांडण झाले. शाक्य संघाने युद्धाचा ठराव आणला. सिद्धार्थ तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता. सगळा संघ एका बाजूला आणि तो एकटा उभा राहून म्हणाला, हे युद्ध चुकीचे आहे. मतदानात हरला. देशत्याग पत्करला, पण शस्त्र हातात घेतले नाही. सगळ्या सभेसमोर ‘नाही’ म्हणायला तलवार उचलण्यापेक्षा जास्त छाती लागते.

चार प्रश्न

म्हणून माझ्या तरुण मित्रांनो, तुम्हाला कोणीही, मग तो भगवा असो, हिरवा असो की आपल्याच निळ्या झेंड्याखालचा असो, हत्यार घेऊन बोलावले तर चार प्रश्न विचारा. हत्याराचे पैसे कोणी दिले? गुन्हा दाखल झाला तर एफआयआरमध्ये नाव कोणाचे येणार? जामिनाला आणि वकिलाला कोण उभे राहणार? आणि बोलावणाऱ्याचा स्वतःचा मुलगा त्या दिवशी कुठे असेल? बहुतेक वेळा चौथ्या प्रश्नालाच उत्तर मिळते. तो पुण्यात किंवा परदेशात शिकत असतो.

पोलीस भरतीच्या चारित्र्य पडताळणीत एक गुन्हा आडवा आला की पाच वर्षांची पहाटेची धावपळ मातीत जाते. मी माझ्या कामात अशी पोरे बघितली आहेत. त्यांना मिरवणुकीत नेणारे पुढे फोनसुद्धा उचलत नाहीत.

अत्याचार झाला तर ॲट्रॉसिटीचा गुन्हा नोंदवायला शंभर जणांनी मिळून ठाण्यात जाऊ. हटायचे नाही. साक्षीदार फुटू द्यायचे नाहीत. मोर्चा काढू, रस्त्यावर बसू, कोर्टात लढू. ही ताकदच आहे. फरक एवढाच की या ताकदीची मालकी आपल्याकडे राहते. आणि १७ सप्टेंबरला झेंडावंदन करून विहारात बसू. हुतात्म्यांना अभिवादन करू, शोएबुल्ला खान यांचे नाव घेऊ, आणि म्हातारी माणसे आहेत तोवर त्यांच्याकडून दोन्ही वेळा कोण-कोण आले होते ते लिहून घेऊ. शेजारच्या मुसलमान वस्तीतल्या म्हाताऱ्यांनाही बोलावू. त्यांच्या घरातही मोडलेली दारे आहेत.

तो पोरगा त्या वर्षी मिरवणुकीला गेला नाही. बाकी चौदापैकी नऊ जण गेले. माझ्या बोलण्याने सगळे बदलले, असे खोटे मी सांगणार नाही. पण १८ तारखेला त्या नऊ जणांपैकी दोघे अभ्यासिकेत आले आणि म्हणाले, “दादा, ते सुंदरलाल का काय म्हणत होता, ते आम्हालाबी सांगा.”

आता दर रविवारी संध्याकाळी सांगतो. तुमच्या वस्तीत कोण सांगते आहे?

जय भीम! नमो बुद्धाय!